उघाडीची फळी कोण बदलणार?

अलिबाग-पेणकडे उधाणाचं पाणी शेतात शिरल्याची बातमी आली की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘हॉलंडवाल्यांनी समुद्र मागे हटवला आणि आपल्याला साधा बंधारा टिकवता येत नाही.’ दुसरं, ‘गेली ती जमीन, आता कोळंबीला द्या नाहीतर विकून मोकळे व्हा.’ नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतातून ही दोन्ही वाक्यं ऐकताना वाटतं, इथून जे न्यायचं, म्हणजे बांध आणि त्यातली उघाडी (पाणी सोडायचं झडपेचं दार) राखण्याची शिस्त, ते राहूनच गेलं.

तुलना करायचीच तर आधी आकडे पाहू. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन्हीकडे साधारण 4 ते 5 मीटर. पाऊस मात्र झेलंडला वर्षाकाठी 750 ते 800 मिलिमीटर आणि अलिबाग-पेणला 2000 ते 3000. झेलंडच्या बहुतेक शेतांना नदीचं पाणी मिळत नाही, सगळी भिस्त पावसावर. तरी इथे बटाटा, कांदा, गहू निघतो आणि तिकडे एप्रिलमध्ये खाडीकाठच्या गावाला टँकर लागतो.

भिंतीचं श्रेय नाकारायचं नाही. 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळात बंधारे फुटले आणि एकट्या नेदरलँड्समध्ये 1836 माणसं गेली. त्यानंतर खाड्यांची तोंडं भिंतींनी अडवणारा डेल्टा प्रकल्प उभा राहिला. पण त्या भिंतींची किंमत इथले लोक अजून मोजतायत. फोल्करॅकची खाडी 1987 मध्ये समुद्रापासून तोडून गोड्या पाण्याचा तलाव केला, शेतीलाही त्याचं पाणी मिळू लागलं. काही वर्षांत त्यात उन्हाळ्याला हिरवं-निळं शेवाळ माजू लागलं. पुन्हा खारं पाणी आत घ्यावं का, यावर इथे वर्षानुवर्षं खल चालला. फेर्स मेअर नावाच्या दुसऱ्या बंद तलावात तर 2004 मध्ये मुद्दाम दार बसवून समुद्राचं पाणी परत खेळतं केलं. हे कोकणात कुणी सांगत नाही.

शिवाय भिंत कितीही उंच करा, मीठ खालून येतंच. जमिनीखाली खारं पाणी असतं आणि पावसाचं गोडं पाणी त्यावर सायीसारखं तरंगतं. हिशोब सोपा आहे: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असली, तर तिच्याखाली साधारण 40 मीटर गोडं पाणी टिकू शकतं. उलटं वाचा. पातळी 10 सेंटिमीटर उतरली की कालांतराने खालचं खारं पाणी 4 मीटर वर सरकतं. म्हणून किनाऱ्यावर विंधण विहीर खोल नेणं हा सर्वांत महागडा मूर्खपणा. साधी विहीर असेल तर लहान मोटर लावावी, सलग पाच तास उपसण्याऐवजी तासाभराने थांबून पाणी भरू द्यावं आणि फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड) तळाशी न सोडता रिकाम्या कॅनला बांधून पृष्ठभागाखाली अर्धा-पाऊण मीटरवर तरंगता ठेवावा. मोठी मोटर जोरात ओढते तेव्हा खालचं खारं पाणी टोकदार होऊन वर चढतं, आणि एकदा चढलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत खाली बसत नाही.

आता उघाडी. बंधाऱ्यातून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं दार. झडप खाडीच्या बाजूला वरून बिजागरीने टांगलेली असते. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं, भरती चढली की बाहेरचं पाणी तिला चौकटीवर दाबून बंद करतं. वीज नाही, माणूस नाही, इतकी सुंदर व्यवस्था. बिघडते कशाने? चौकटीत अडकलेल्या ओंडक्याने, कुजलेल्या फळीने, गंजून अडलेल्या बिजागरीने आणि झडपेसमोर साचलेल्या गाळाने. दोन बोटांची फट राहिली तरी प्रत्येक भरतीला पाणी आत येतं, दिवसातून दोनदा. समुद्राच्या पाण्याची क्षारता मोजणीच्या मीटरवर (mS/cm मध्ये) 50 च्या आसपास दिसते. म्हणजे शंभर बादल्यांत दोन बादल्या समुद्र मिसळला तरी आकडा 1 वर जातो. मातीतला आकडा 3 च्या वर गेला की भाताचं उत्पन्न घटू लागतं, पुढे प्रत्येक एका अंकाला साधारण 12 टक्के. रोपावस्था आणि फुलोरा हे दोन काळ सर्वांत नाजूक. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2, 3 हे वाण किंवा जुना काळा रता थोडं अधिक सोसतात. थोडं अधिक, एवढंच. वाण बदलून फुटक्या झडपेची भरपाई होत नाही.

बाहेरकाठ्याचंही, म्हणजे खाडीकडच्या मुख्य बांधाचंही, तसंच. खांड (बांधाला पडणारं भगदाड) एका रात्रीत पडत नाही. आधी खेकड्याच्या बिळातून पाझर लागतो, ओहोटीला आतल्या उतारावर गढूळ पाण्याची धार दिसते. ती दिसली त्याच सुकतीला (ओहोटीला) बीळ खणून चिकणमातीने ठोकून भरलं तर काम चार माणसांचं. खांड पडली की मात्र प्रत्येक भरती-ओहोटी तिचा तळ खोल करत जाते. ती बुजवायची तर अष्टमीनंतरच्या भांगाच्या दिवसांत, म्हणजे जेव्हा भरतीचं पाणी सर्वांत कमी चढतं. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांना अष्टमी-अमावास्या कळत नाही, आणि कागद फिरेपर्यंत चार उधाणं होऊन जातात. (नेदरलँड्समध्ये बांध पोखरणाऱ्या मस्करॅट नावाच्या उंदरांना पकडायला पगारी माणसं असतात. खेकडे मोजणारा एक तरी माणूस सरकारी खारभूमी खात्याच्या आस्थापनेवर असायला काय हरकत आहे?)

इथून न्यायचं ते हे: पगारी माणूस, ठरलेली तारीख आणि पाण्याचा कर. नेदरलँड्समध्ये 21 पाणी मंडळं आहेत, त्यांची दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि घरमालकापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे त्यांना वेगळा कर भरतात. शरद ऋतूत ‘स्खाउ’, म्हणजे चरांची पाहणी, होतो. तोवर ज्याने त्याने आपल्या हद्दीतला चर साफ केलेला असला पाहिजे, मग मंडळाचा माणूस येऊन पाहतो, आणि न केल्यास काम करवून खर्च वसूल होतो. जुना नियम याहून कडक होता. बांधाचा आपला वाटा सांभाळणं झेपत नसेल, त्याने बांधात फावडं रोवून जमीन सोडून जायचं.

हे आपल्याला परकं नाही. अलिबाग-पेणकडे ‘जोळ’ होती. ज्यांची शेतं त्या बांधाआड, त्यांनी मिळून माती टाकायची. 1948 च्या मुंबई खार जमिनी कायद्याने मंडळ आणलं, 1979 मध्ये महाराष्ट्राचा खार जमिनी विकास कायदा आला, आणि बांध सरकारचा झाला. सरकारचा झाला म्हणजे कुणाचाच राहिला नाही, असं म्हणणं थोडं अन्यायाचं आहे. काही योजना नीट उभ्या राहिल्या. पण झडपेची फळी बदलायला गावाकडे ना पैसा उरला ना अधिकार. गोव्याच्या खाजनांत, म्हणजे तिथल्या खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतांत, वेगळी गंमत. तिथे मानशीवरच्या (तिथल्या उघाडीवरच्या) मासेमारीचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांध राखायचा असतो. लिलाव घेणाऱ्याला मात्र कोळंबी हवी, म्हणून तो भरतीचं पाणी जास्त आत घेतो, आणि शेत खारावतं. पैसा होता, देखरेख चुकीच्या हातात होती.

कांदळवनावरचा वाद याच दुर्लक्षातून निघाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर आणि 2018 च्या निकालानंतर कांदळवन तोडणं बंद आहे, आणि ते बरोबरच. बाहेरकाठ्याबाहेर कांदळ जितका दाट, तितकी लाट बांधावर मऊ आदळते. (बांधाच्या अंगावर मात्र झाड नको, मुळांच्या वाटेने पाझर लागतो.) पण उघाडी वर्षानुवर्षं तुटकी राहिली म्हणून सातबाऱ्यावरच्या भातशेतीत तिवर (कांदळवनातलं झाड) उगवली, आणि आता शेतकऱ्याला आपल्याच शेतात कोयता लावता येत नाही, तर त्याचा राग झाडावर निघणारच. त्याला भरपाई मिळायला हवी ती फुटक्या झडपेची.

आणि पाऊस. झेलंडमध्ये सेरोस्केर्कला जुन्या खाडीपात्राच्या वाळूच्या उंचवट्यात हिवाळ्याचं पाणी नळ्यांनी मुरवतात. कोकणाच्या खारात (बांधाआडच्या खाडीकाठच्या जमिनीत) चिकणमाती, तिथे हे चालायचं नाही. तिथे चालेल ते साधं आहे. जून-जुलैचा पहिला जोर मीठ धुण्यासाठी वापरायचा, दोन-तीनदा शेत भरून ओहोटीला रिकामं करायचं. मग सप्टेंबरअखेर उघाडीच्या आतल्या बाजूला कोल्हापूर बंधाऱ्याला असतात तसे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) लावायचे, दोन रांगांत, मध्ये चिकणमाती ठोकून. सप्टेंबरचं पाणी आत राहिलं तर खालच्या खाऱ्याला दाबून ठेवतं. बर्गे ऑगस्टमध्ये लावले तर एका ढगफुटीत भात बुडेल. ऑक्टोबर उजाडू दिला तर अडवायला पाणी उरणार नाही.

शेततळ्याचा मोह इथे जपून. 20 बाय 20 मीटरचं, 3 मीटर खोल, एकास एक उताराचं तळं 876 घनमीटर पाणी घेतं. त्यातलं बरंचसं मेपर्यंत उन्हात उडून जाईल, उरलेल्यात दहा-बारा गुंठे भाजी निघेल. पण खारात 3 मीटर खणलं की खालचं खारं पाणी प्लॅस्टिकच्या कागदाला खालून उचलतं, कागद फुग्यासारखा वर येतो आणि शिवणीत फाटतो. म्हणून कमी खणा आणि काठ उंच करा. खणताना वरची वीतभर माती बाजूला ठेवा आणि शेवटी तीच वर पसरा. खालची निळसर माती वर आली तर दोन-तीन वर्षं काही उगवत नाही.

खिशातला क्षारता मीटर दोन-तीन हजार रुपयांत मिळतो. आठवड्यातून दोनदा, ओहोटीला, उघाडीच्या आत आणि बाहेर आकडा घेऊन शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिला, तर भातवाला आणि जिताडा माशाच्या तळ्यासाठी खारं पाणी मागणारा शेजारी निदान एकाच आकड्यावर भांडतील. उघाडीची चावी कुणाकडे, हे त्यानंतर ग्रामसभेत ठरवता येईल.