दुसरी पदवी नर्सिंगची: ॲक्सिलरेटेड की नेहमीची?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि आधीची एखादी पदवी हाताशी असलेल्या मराठी मंडळींकडून हल्ली मला एकच प्रश्न वारंवार येतो. नर्सिंगकडे वळायचे ठरले आहे, तर ॲक्सिलरेटेड बीएसएन (आधीच पदवी असलेल्यांसाठीची, कमी महिन्यांत पूर्ण होणारी नर्सिंगची बॅचलर पदवी) करावे की नेहमीचे बीएसएन? मी इथल्या एका रुग्णालयाच्या मेडिकल-सर्जिकल विभागात काम करते आणि प्रीसेप्टर (नवख्यांना प्रत्यक्ष कामात शिकवणारी नर्स) या नात्याने दोन्ही वाटांनी आलेल्या नव्या नर्सेसबरोबर पाळ्या करते, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे की या निवडीत लोक ज्या गोष्टीला सर्वाधिक महत्त्व देतात, म्हणजे वाचणारे महिने, ती खरे तर सर्वांत कमी महत्त्वाची आहे.

मुळात तुलनाच चुकीची मांडली जाते. जाहिराती 'चार वर्षांऐवजी बारा ते अठरा महिने' असे सांगतात. चार वर्षे लागतात ती बारावीनंतर थेट प्रवेश घेणाऱ्याला, आणि त्यांतली साधारण पहिली दोन वर्षे सामान्य शिक्षणाच्या आणि मूलभूत विज्ञानाच्या विषयांत जातात. तुमच्याकडे पदवी आहे म्हणजे त्यांतील बराचसा भाग तुम्ही आधीच पार केला आहे, आणि नेहमीच्या कार्यक्रमात गेलात तरी त्याचे क्रेडिट सहसा मिळते. म्हणून पदवीधराने तुलना करायची ती सुमारे दीड वर्ष आणि दोन-अडीच वर्षे यांची. शिवाय ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, पोषणशास्त्र अशी प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय, दोन्ही वाटांवर जवळपास सारखीच असतात. इंजिनिअर झालेल्या व्यक्तीला वाटते की आपले रसायनशास्त्र तर झालेले आहे. पण विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत अशी अट अनेक ठिकाणी असते. जाहिरातीतले बारा महिने मोजायला सुरुवात होते ती हे सगळे संपल्यावर.

सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ साली असा पहिला कार्यक्रम सुरू केला, त्यामुळे हा काही कालपरवा निघालेला प्रकार नाही. पदवी तीच, एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षाही तीच, आणि परवान्यावर तुम्ही कोणत्या वाटेने आलात याची नोंद नसते. अभ्यासक्रमातला एखादा मोठा तुकडा गाळून वेळ वाचवला जातो, असेही नाही. वेळ वाचतो तो उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि दोन सत्रांमधील मोकळे आठवडे काढून टाकल्यामुळे. या मोकळ्या जागेत काय घडते, यावरच माझ्या मते सगळी निवड अवलंबून आहे.

फार्माकोलॉजीत फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधामुळे पोटॅशियम कमी होते, हे विद्यार्थी पाठ करतो. पॅथोफिजिऑलॉजीत हार्ट फेल्युअर शिकतो. पण सकाळच्या रक्तचाचणीत पोटॅशियम घसरलेले दिसते, मॉनिटरवर अनियमित ठोके येऊ लागलेले असतात आणि नऊ वाजताचे औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन करायला हवा हे सुचते, तेव्हा त्या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध जुळलेला असतो. हा संबंध जुळायला वेळ लागतो, आणि तो वर्गात बसून फारसा जुळत नाही. नेहमीच्या कार्यक्रमातले अनेक विद्यार्थी उन्हाळ्यात नर्सिंग असिस्टंट किंवा एक्स्टर्न (सुट्टीत रुग्णालयात शिकाऊ काम करणारा विद्यार्थी) म्हणून रुग्णालयात काम करतात. रुग्णाला अंथरुणात वळवणे, इनटेक-आउटपुटची (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची) नोंद ठेवणे, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडतात, आणि पुष्कळदा त्याच विभागात त्यांना पहिली नोकरीही मिळते. ॲक्सिलरेटेड विद्यार्थ्याला ही सवड मिळत नाही. बहुतेक महाविद्यालये तर त्या काळात नोकरी करू नका, असेच सांगतात.

तरीही काही ज्येष्ठ सहकारी या मुलांना 'झटपट नर्स' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पूर्वी शिक्षिका असलेली नर्स रुग्णाला घरी पाठवताना इन्सुलिन कसे घ्यायचे हे ज्या धीराने समजावते, तो धीर बाविसाव्या वर्षी क्वचितच असतो. माझ्या पाहण्यात सुरुवातीच्या काही महिन्यांत फरक जाणवतो, विशेषतः चार-पाच रुग्णांच्या कामांचा क्रम लावताना. वर्ष संपेपर्यंत कोण कुठल्या वाटेने आले, हे मला ओळखता येत नाही. पण त्या पहिल्या वर्षात चांगला रेसिडेन्सी कार्यक्रम (नव्या नर्सेससाठी रुग्णालयाने ठेवलेले प्रशिक्षण) मिळाला नाही, तर ॲक्सिलरेटेड वाटेने आलेल्याची ओढाताण अधिक होते. कार्यक्रमात वाचवलेला वेळ तेव्हा मनस्तापाच्या रूपाने भरावा लागतो.

महाविद्यालय निवडताना वेगापेक्षा पुढील चौकशीला अधिक वेळ द्यावा. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीचे ॲक्रेडिटेशन तर हवेच. एनक्लेक्सच्या पहिल्या प्रयत्नातील उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक राज्यांची बोर्डे जाहीर करतात. पण ते पाहताना किती जणांनी प्रवेश घेतला आणि किती जण शेवटपर्यंत टिकले, हेही विचारावे, कारण कच्चे विद्यार्थी वाटेतच गाळले तर निकाल आपोआपच उत्तम लागतो. क्लिनिकल (रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण) कोणत्या रुग्णालयांत होतात, ती मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची आणि सिम्युलेशनचा (पुतळ्यांवर किंवा बनावट प्रसंगांत केलेल्या सरावाचा) वाटा किती, हेही स्पष्ट करून घ्यावे. सिम्युलेशन वाईट नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एनसीएसबीएनच्या (राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) अभ्यासात क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने भरून काढले तरी निष्पत्ती तुल्यबळ राहिल्याचे आढळले होते. मात्र ते प्रशिक्षित शिक्षकांनी घेतलेले सिम्युलेशन होते, प्लेसमेंट मिळाली नाही म्हणून केलेली तडजोड नव्हती.

पैशांच्या बाबतीत ॲक्सिलरेटेडच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार नोंदणीकृत नर्सचे मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होते, म्हणजे वर्षभर आधी कामाला लागणे ही किरकोळ गोष्ट नाही. पण हे गणित एकाही विषयात अडखळले नाही तरच जुळते. अनेक कार्यक्रमांत उत्तीर्ण होण्यासाठी पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गुण लागतात. एक विषय राहिला तर पुढच्या तुकडीची वाट पाहावी लागू शकते आणि वाचवलेले महिने तिथेच संपतात. घरी लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील आणि त्यांचे पाहायला दुसरे कोणी नसेल, तर ही जोखीम घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते. ज्यांच्याकडे वर्षभराच्या खर्चाची तजवीज आहे, घरचा भार दुसऱ्या कोणीतरी मनापासून उचलला आहे आणि विज्ञानाचे विषय नुकतेच चांगल्या गुणांनी झाले आहेत, त्यांनी ॲक्सिलरेटेड खुशाल करावे.

कर्जाचेही पाहावे. एकदा बॅचलर पदवी झाली की पेल ग्रँट (परत न करावे लागणारे सरकारी शिक्षणसाहाय्य) मिळत नाही, आणि पदवीपूर्व शिक्षणासाठीच्या फेडरल कर्जाची स्वावलंबी विद्यार्थ्यासाठीची एकूण मर्यादा ५७,५०० डॉलर आहे, ज्यात पहिल्या पदवीचे कर्जही धरले जाते. एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असलेल्यांना ही फेडरल कर्जे मिळतच नाहीत. इथे एमएस करून ओपीटी (शिक्षणाशी संबंधित तात्पुरत्या कामाची परवानगी) वापरलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ओपीटी पुन्हा मिळते ती आधीपेक्षा वरच्या पातळीच्या पदवीवर, त्यामुळे एमएसनंतर केलेल्या बीएसएनवर ती मिळत नाही. एच-४ वर शिकता येते, पण वर्क परमिट नसेल तर पदवी आणि परवाना हाती येऊनही नोकरी करता येत नाही. अशा वेळी घाईने शिकून साधायचे तरी काय?

भारतातील तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. असलेल्यांनी अर्जाआधीच पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे, कारण काही विद्यापीठे तिला पूर्ण बॅचलर पदवी मानत नाहीत आणि मग ॲक्सिलरेटेडचा पर्यायच उरत नाही. त्यांना मी कम्युनिटी कॉलेजचे दोन वर्षांचे असोसिएट डिग्रीचे नर्सिंग सुचवते. शुल्क बरेच कमी असते, परवाना परीक्षा हीच असते, आणि नोकरी करता करता आरएन-टू-बीएसएन (नोंदणीकृत नर्सला बीएसएनपर्यंत नेणारा अभ्यासक्रम) पूर्ण करता येते. न्यूयॉर्कने तर २०१७ साली कायदाच केला आहे की नव्या नर्सेसनी परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांच्या आत बॅचलर पदवी घ्यावी. मोठ्या शहरांतील काही रुग्णालये सुरुवातीलाच बीएसएन मागतात, तेव्हा आपल्या भागात काय चालते, याची चौकशी आधी तिथल्या नर्स मॅनेजरकडे करावी.