रेल्वे होती, मग खेचरं कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

क्वार्टरमास्टरवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. अमेरिकन यादवी युद्धात शिधा क्वार्टरमास्टर खात्याकडे (सैन्याचं सामान आणि वाहतूक सांभाळणारं खातं) नव्हताच, मी मात्र तसं लिहिलं. रेल्वे असताना मी खेचरांच्या वैरणीवर अर्धा लेख खर्ची घातला. आणि क्वार्टरमास्टर म्हणजे शेवटी कोठावळाच.

पहिला मान्य, लेखात दुरुस्ती करतो. शिधा कमिसरी खात्याचा, दारूगोळा ऑर्डनन्सचा. कपडे, तंबू, गाड्या, जनावरं आणि वैरण तेवढी क्वार्टरमास्टरची. पण माल कुणाचाही असो, रेजिमेंटपर्यंत यायचा त्याच्याच गाड्यांतून.

दुसरा अजिबात मान्य नाही. रेल्वे डेपोपर्यंत, पुढे सहा खेचरांची गाडी. हिशेब मांडून बघा. कूच करणाऱ्या 1000 शिपायांना दिवसाला हार्डटॅक (कडक बिस्किटं) 1000 पौंड, म्हणजे 50 पौंडी 20 पेट्या. खारवलेलं डुकराचं मांस 750 पौंड. साखर 150, कच्ची कॉफी 100. झाले 2000. मांसाच्या पिंपावर 200 पौंड लिहिलेलं असे ते निव्वळ मांसाचं. लाकूड आणि खारं पाणी वेगळं. हे धरायचं राहिलं की गाडीचा आस मोडलाच म्हणून समजा.

आता खेचर. रोज 9 पौंड दाणा, 14 पौंड गवत. सहांचे मिळून 138. डेपो पाच दिवसांवर असेल तर जाऊन-येऊन 1380. गाडीत भरले 2500, शिपायांच्या वाट्याला उरले 1120! म्हणून गवत मागे ठेवून नुसत्या दाण्यावर गाडी हाकायचे. तेवढ्याला 540 पौंड पुरतात, पण गवताशिवाय जनावराचं पोट बिघडतं, ते खंगतं आणि चढावर बसकण मारतं.

1863 चं टेनेसीतलं चॅटनूगा घ्या, जिथे युनियनचं, म्हणजे उत्तरेचं, सैन्य वेढ्यात अडकलं होतं. युनियनची रेल्वे ब्रिजपोर्टपर्यंत येत होती. नदीकाठचा रस्ता शत्रूच्या माऱ्यात, म्हणून वॉल्डन्स रिज हा डोंगर ओलांडून सुमारे 60 मैलांचा फेरा. त्यात ऑक्टोबरचा पाऊस, आणि 2 तारखेला दक्षिणेच्या जनरल व्हीलरच्या घोडदळाने शेकडो गाड्या जाळलेल्या. हजारो जनावरं मेली, शिपाई निम्म्याहून कमी शिध्यावर आले. महिनाअखेर टेनेसी नदीवर ब्राउन्स फेरीला तरता पूल पडला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

राहिला कोठावळा. शब्द चांगला आहे, ठेवू या. फक्त या कोठावळ्याने पेट्या न मोजता पावतीवर सही केली आणि मागून बूट कमी निघाले, तर त्यांची किंमत त्याच्याच नावावर पडे. तूट दिसताच चौकशी मंडळ बसवून घ्यायचं, तेही माल वाटण्याआधी.