राष्ट्रीय हित मागे पडलं? कधी?

युरोपियन युनियनमध्ये 'बाजार एक झाला आणि राष्ट्रीय हितसंबंध मागे पडले' हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. अहो, शेतीचा विषय निघाला की तिथे प्रत्येक देश आपली चूल वेगळी मांडतो! १९६५ मध्ये शेतीच्या पैशांवरूनच फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी आपल्या देशाचा प्रतिनिधी परत बोलावला आणि युनियनच्या पूर्वीच्या रूपातल्या, म्हणजे युरोपीय समुदायाच्या बैठकांतली खुर्ची सहा-सात महिने रिकामी ठेवली. बाहेरच्यांशी व्यापाराचं धोरण म्हणे फक्त युनियन ठरवणार, मग २०२३ मध्ये पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकियाने युक्रेनच्या धान्यावर परस्पर बंदी घातली ती कुठल्या नियमात बसत होती? पुढच्या वर्षी तर पोलिश शेतकऱ्यांनी सीमेवर मालगाडीचे डबे उघडून धान्य रुळांवर ओतलं.

मी २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्सला कामाला होतो, शेतकऱ्यांनी रस्ते ट्रॅक्टरने अडवलेले, जळक्या टायरचा वास कोटाला दोन दिवस येत होता, शेवटी चालतच ऑफिस गाठलं. राग कळतो हो त्यांचा, पण सबसिडी कुणाला मिळते तेही लिहायला हवं होतं. थेट मदत मुख्यतः हेक्टरवर, म्हणजे जमीन जास्त त्याला पैसा जास्त, साधारण ८० टक्के रक्कम २० टक्के लोकांकडे जाते आणि युनियनच्या बजेटचा जवळपास एक तृतीयांश शेतीवरच. वर दक्षिण अमेरिकी देशांच्या गटाशी व्यापाराचा मर्कोसुर करार आला की हेच मोठे लोक छोट्या शेतकऱ्याला पुढे करून रडणार. लेखात यावर एक ओळ नाही, कमाल आहे.