संपाच्या दिवशी सुज्ञ ग्राहकाने कसे वागावे

घरपोच सामान आणणाऱ्या मुलांचा संप होणार अशी कुणकुण लागली की मुंबईतील सुज्ञ ग्राहकाने आदल्या संध्याकाळीच कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि दुधाच्या चार पिशव्या मागवून ठेवाव्यात, आणि त्या घेऊन येणाऱ्या मुलालाच दारात थांबवून ‘काय रे, उद्या खरंच बंद ठेवणार का?’ असे विचारून घ्यावे. तो ‘माहीत नाही, काका’ म्हणेल. त्याला सगळे माहीत असते. पण पाचपैकी किती स्टार द्यायचे हे तुमच्या अंगठ्यावर अवलंबून असते, आणि अशा अंगठ्यापुढे मनातले बोलायचे नसते, हे तो कामाच्या पहिल्याच आठवड्यात शिकलेला असतो.

पुढचा सल्ला भाषेविषयी आहे. त्याला चुकूनही कामगार म्हणू नका. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते, आणि भागीदार संप करत नसतो, फार तर रुसतो. या भागीदारीत वाटणी मोठी चोख आहे : गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइल आणि त्यातला डेटा त्याचा, दर तेवढा कंपनीचा. तो दर कधी उतरला हे त्याला सकाळी लॉगिन केल्यावर कळते, आणि तक्रार करायला गेला तर समोर माणूस नसतो, चॅटची खिडकी असते. मागच्या जुलैत माझी ऑर्डर घेऊन निघालेला गाडीचा ठिपका नकाशावर हिंदमातापाशी बराच वेळ गोठून राहिला, तेव्हा मी फोन केला. ‘सर, गुडघाभर पाणी आहे,’ तो म्हणाला. मी त्याला समजावले, की माझ्या नकाशात तर पाणी दिसत नाही. अर्ध्या तासाने तो दारात आला, ओल्या काचेवर बोट चालेना म्हणून मोबाइल बनियनच्या आतल्या बाजूने पुसला आणि ओटीपी विचारला. मी चार स्टार दिले. पिशवीला ओल आली होती.

भागीदारीच्या चर्चेत कोणी डबेवाल्यांचा दाखला दिला तर मात्र सावध व्हा. वरवर पाहता तो सोयीचा वाटतो, कारण शतकाहून अधिक काळ ही माणसे डबे पोचवत आली आणि 19 ऑगस्ट 2011 रोजी अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून त्यांनी एक दिवस काम बंद ठेवले, तेव्हा त्याचीच केवढी बातमी झाली. अडचण अशी, की डबेवाल्यांच्या टोळीत आलेला पैसा टोळीतच वाटून घेतला जातो, म्हणजे ते खरोखरच भागीदार असतात. हा दाखला फार ताणला तर ‘पार्टनर’ या शब्दाचा अर्थ कोणीतरी विचारील.

अमेरिकेचे नाव निघाले तर त्यातून योग्य तो बोध घ्या. तिथे ‘यूपीएस’ या पार्सल कंपनीतील सुमारे 3 लाख 40 हजार कामगारांचा करार 31 जुलै 2023 रोजी संपणार होता. त्यांच्या ‘टीमस्टर्स’ या युनियनने मतदान घेतले, 97 टक्के मते संपाच्या बाजूने पडली, आणि मुदतीला सहा दिवस उरले असताना 25 जुलैला समझोता झाला. संप न होताच पगारवाढ मिळाली, आणि नव्या गाड्यांत वातानुकूलनही पदरात पडले. यातून दिसते ते एवढेच, की लेखी करार केला की त्याला मुदत असते, मुदत भरत आली की दोन्ही बाजूंना टेबलापाशी बसावे लागते, आणि टेबलापाशी बसले की काहीतरी द्यावे लागते. आपल्या कंपन्यांनी दूरदृष्टीने टेबलच ठेवलेले नाही. आपला पार्टनर सिग्नलला उभा असताना ‘अटी मान्य आहेत’ या बटणावर बोट टेकवतो आणि पुढची ऑर्डर उचलतो. त्या अटींना शेवटची तारीख नसल्यामुळे बोलणी फिसकटण्याचा प्रश्नच उरत नाही.

संपाला तुमचा तत्त्वतः विरोध नाही, हे आवर्जून सांगा. तुमचा आक्षेप वेळेला आहे. 2025 साली संपाची हाक दिली गेली ती 25 आणि 31 डिसेंबरला, म्हणजे नेमकी तुमच्याकडे पाहुणे यायच्या दिवशी, आणि काही कंपन्यांना त्या दिवसाचा मोबदला वाढवून जाहीर करावा लागला. दर वाढवणे शक्य असते हे अशा रीतीने उघड होणे कोणाच्याच हिताचे नाही. जबाबदार संप मंगळवारी दुपारी तीन ते चार या वेळात, कोणाला भूक नसताना करावा.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र इतिहासाचा आधार घ्या. ‘संपानेच मुंबईच्या गिरण्या गेल्या’ हे वाक्य कधीच वाया जात नाही. तुमचा टॉवर लोअर परळला गिरणीच्याच जागेवर उभा असेल, तर ते जास्त ठामपणे लिहा. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, म्हणजे कागदोपत्री तो तुमच्या पार्किंगच्या खाली अजून चालू आहे, हा तपशील लिहिण्याची गरज नाही. तसेच रविवारी दुपारी बिर्याणी मागवताना नारायण मेघाजी लोखंडे आठवू नयेत. त्यांनी झगडून 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आपला पार्टनर हवी तेव्हा सुट्टी घेऊ शकतो. रविवारी घेतली तर बऱ्याच ठिकाणी आठवड्याचा इन्सेन्टिव्ह बुडतो, एवढेच.

खरा धोका माथाडी कायद्याचा आहे, आणि तो विषय निघाला की पंखा वाढवायला उठावे. कारण ‘मालकच नाही, तर बोलणी कोणाशी करणार?’ हा आपला बिनतोड मुद्दा तिथे लंगडा पडतो. मस्जिद बंदरच्या दाणा बाजारात पाठीवर गोणी वाहणारा हमालही सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी आणि दुपारी दुसऱ्याचा, त्यामुळे तो आपला नोकर आहे असे कोणीच मानत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांना संघटित केले आणि 1969 साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा केला. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे मंडळ नेमायचे, व्यापाऱ्यांनी आणि हमालांनी तिथे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व सुट्टीचे पैसे चुकते करायचे, असा तो बेत. गोणी कोणाचीही असो, पाठ एकाच माणसाची आहे, हे कायद्याने मान्य केले. पुढे माथाडींच्या नावाने खंडणी उकळणारेही निपजले. ते मात्र खुशाल सांगा, खरेच आहे. पण हमालाच्या पाठीला जमले ते रायडरच्या पिशवीला का जमू नये, असे कोणी विचारले तर मला तरी उत्तर सुचलेले नाही.

तोवर केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेकडे बोट दाखवा. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम ॲपवरून काम करणाऱ्या अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, मात्र ती त्यांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, असे तीत म्हटले आहे. ‘आता आणखी काय हवे?’ असे विचारून थांबा. एका ऑर्डरला किती रुपये मिळावेत आणि ते कोणी कोणाशी बोलून ठरवावे, हे त्या टक्केवारीत शोधत बसू नका.

एवढे करूनही संप झालाच, तर पिशवी घेऊन खाली उतरा. कोपऱ्यावरचा वाणी ‘बरेच दिवसांनी, साहेब?’ म्हणेल आणि सुट्टे मागेल. दोन्ही गोष्टी सोसा. परतताना दोन्ही हातांत पिशव्या असतील, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असेल, आणि गेटवर नेमका एजन्सीने कालच पाठवलेला वॉचमन असेल. तो तुमच्यापुढे रजिस्टर सरकवील, फ्लॅट नंबर आणि वेळ लिहायला लावील, आणि पुढच्या लिफ्टकडे वळलात तर मागच्या लिफ्टकडे बोट करील. तिथे पाटी आहे, मागच्या सभेत तुम्हीच मंजूर केलेली.