डाव्या हाताचा खेळ

चित्र काढताना डाव्या हाताला काम नसतं, या समजुतीवर माझी नोकरी निभावली. शाळेत मी फळ्यावर गणपती नाहीतर कमळ काढत असे, तेव्हा तो कमरेवर असायचा. घरी फार तर कागद धरायचा, फडकं धरायचा. निवृत्तीनंतर भाच्यानं मला पेन टॅबलेट, म्हणजे जिच्यावर पेनानं काढलेलं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटतं ती पाटी, घ्यायला लावला आणि त्याच संध्याकाळी निकाल दिला, "मावशी, उजव्याचं तुझं ठीक आहे. डाव्याला शिकवावं लागेल."

टॅबलेट जेल रोडवरून आणला. दुकानदारानं माझ्याकडे न बघता भाच्याला विचारलं, "भिया, गेमिंग के लिए?" तो म्हणाला, "नहीं, मावशी पेंटिंग करेंगी." तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं गेलं.

तसं इंदूरला चित्रकारांचं अप्रूप नाही. देवळालीकर मास्तरांच्या हाताखालून बेंद्रे गेले, हुसेन गेले. चिंचाळकर गुरुजी तर वाळकं पान, काटकी, जे सापडेल ते उचलत आणि त्यातून चित्र उभं करत. यांतल्या कुणालाही आधी ड्रायव्हर टाकावा लागला नव्हता. मला लागला; ड्रायव्हर म्हणजे टॅबलेटची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम. त्याआधी जुना काढावा लागला, कारण भाच्यानं कधीतरी स्वतःचा टॅबलेट याच कॉम्प्युटरला जोडला होता, आणि दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एका घरात सुखानं नांदत नाहीत. मग कॉम्प्युटर बंद करा, चालू करा. रंगाचा अजून पत्ता नाही.

पेन मात्र नवलाचं निघालं. त्यात सेल नाही. पाटीच्या पोटातल्या तारांमधून चुंबकीय क्षेत्र निघतं आणि पेनातली इवलीशी गुंडाळी त्यावर जगते. खोक्यावर दाबाच्या ८१९२ पातळ्या लिहिलेल्या. फळ्यावर खडू रेटून घट्टे पडलेल्या माझ्या हाताला त्यातली एकच पातळी येत होती, शेवटची. भाच्यानं सेटिंगमध्ये जाऊन दाबाची वक्ररेषा खाली ओढली, तेव्हा बारीक रेघ उमटायला लागली.

कामही हातात होतं. लोकमान्यनगरच्या आमच्या मंडळाला गणेशोत्सवाच्या पत्रिकेसाठी चित्र हवं होतं. सॉफ्टवेअर क्रिटा. ते फुकट असतं हे कळल्यावर ह्यांचा विरोध मावळला. मी झोकात गणपतीच्या पोटाचा गोल काढला, तर पडद्यावर अंडं. पुन्हा काढला, पुन्हा अंडं, आणि तेही अर्धंच. उरलेलं अर्धं टीव्हीवर होतं. ह्यांनी मॅच बघायला टीव्ही कॉम्प्युटरला जोडून ठेवलेला, आणि टॅबलेट आपला इमानानं दोन्ही पडद्यांवर पसरलेला. पाटीचा कोपरा म्हणजे पडद्याचा कोपरा, असा त्याचा हिशेब. टॅबलेटला एकच पडदा नेमून दिला, लांबीरुंदीचं प्रमाण सारखं केलं, तेव्हा देवाचं पोट देवाला मिळालं.

आता डाव्या हाताची शाळा. बी दाबलं की ब्रश, ई दाबलं की तोच ब्रश खोडायला लागतो, कंट्रोल धरून पेन टेकवलं की त्या जागेचा रंग उचलला जातो, स्पेस धरली की कागद सरकतो. ब्रश लहानमोठा करायच्या चौकटी कंसांच्या कळा कुणी नेमल्या देव जाणे. त्या पार उजव्या टोकाला. उजव्या हातात पेन, म्हणजे डाव्यानं अख्खा कीबोर्ड ओलांडून जायचं. भाचा म्हणाला, "बदलून टाक ना. सगळ्या कळा बदलता येतात." बदलायला गेलं की ती कळ आधीच दुसऱ्या कुणाची तरी असते. तिला हलवावं, तर तिच्या नव्या जागी तिसरी बसलेली. शेवटी शिफ्ट धरून पेन आडवं ओढायचं ठरलं. त्यानंही ब्रशचा आकार बदलतो.

हा तोडगा छान होता. पण शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज चालू करू का' असा प्रश्न पडद्यावर येतो. मी सोंडेवर छटा देत असताना हा प्रश्न इतक्यांदा आला, की भाच्याला बोलावून तो कायमचा बंद करवला. त्याहून वाईट म्हणजे शिफ्टच्या शेजारी ऑल्ट राहते. डाव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकला, की दोघी मिळून कीबोर्डची भाषा बदलतात. माझ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी आणि मराठी इनस्क्रिप्ट, दोनच भाषा. झालं, बीच्या जागी व आला आणि ईच्या जागी काना. मी बी दाबतेय, ब्रश येत नाही. ई दाबतेय, खोडलं जात नाही. व नावाचा ब्रश क्रिटाला ठाऊक नाही. भाच्यानं ती ऑल्ट-शिफ्टची जोडीच फोडली. आता भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस, आणि ती जोडी चुकून दाबली जात नाही.

एवढ्यात एम ही कळ माझ्या आवडीची झाली होती. ती दाबली की चित्र आरशात दिसावं तसं उलटं दिसतं, आणि एक डोळा वर, एक खाली, असल्या खोडी चटकन सापडतात. चित्र बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं. मी ती दाबून भुवया तपासत होते, तेवढ्यात हे चहा घेऊन आले. कप हातातच राहिला.

"उजव्या सोंडेचा?"

"नाही हो, ते नुसतं..."

"अगं, त्याचं सोवळं कडक असतं! मंडळात कोण पाळणार? अध्यक्ष तर चपला घालून मंडपात येतात."

मी एम दाबलं. सोंड डावीकडे आली. ह्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा ठेवून निघून गेले. त्यानंतर खोलीत येताना ते खोकून येतात.

पत्रिका छापली गेली. ती बघून शेजारच्या काकूंनी हौसेनं टॅबलेट मागवला आणि कसा लावायचा ते शिकायला माझ्याकडे आल्या. मी सगळा पाढा म्हणून दाखवला: डावा हात इथे, अंगठा इथे, कंसांच्या कळा लांब आहेत, त्यांचा नाद सोडा. काकू डावखुऱ्या. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं, ड्रायव्हरमध्ये डावखुऱ्यांसाठी असलेल्या खुणेवर टिचकी मारून टॅबलेट उलटा फिरवला, आणि मोकळा उजवा हात कीबोर्डवर ठेवला. तो नेमका चौकटी कंसांवर पडला. ब्रश मोठा, ब्रश लहान, ब्रश मोठा.

"अगं," काकू म्हणाल्या, "एवढं काय अवघड आहे यात?"