साधू, सरडा आणि दगडफूल

मारलेला राक्षस किती वेळ खाण्यालायक राहतो, या विषयावर आमच्या घरात सध्या जेवताना चर्चा चालते. घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर. पण मी फावल्या वेळात एक रोगलाइक खेळ तयार करतोय, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी घराबाहेर पडणं शहाणपणाचं नसल्यामुळे घरच्यांना ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

रोगलाइक म्हणजे दरवेळी नव्यानं रचलं जाणारं भुयार. मेलात की मेलात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि भूक. 1980च्या 'रोग' (Rogue) या मूळ खेळापासून ती मागे लागलीय. पोषणाचा इथे संबंध नाही. खेळाडूनं एका खोलीत बसून आरामात जखमा बऱ्या करत राहू नये, म्हणून पोटाचा चिमटा. 1987च्या 'नेटहॅक'नं पुढची पायरी गाठली. तिथे मारलेलं खाताही येतं. कॉकाट्राइस नावाचा राक्षस खाल्ला तर आपला दगड होतो. तरंगता डोळा नावाचा राक्षस खाल्ला तर डोळ्यांवर पट्टी बांधूनही दूरचे राक्षस मनानं जाणवू लागतात. मात्र मढं ताजं हवं. पन्नास चाली उलटल्या की शिवायचं नाही, असा खेळाडूंचा दंडक. शापित असेल तर तिसाच्या आतच. फक्त सरडा आणि लायकेन कधीच नासत नाहीत.

"लायकेन म्हंजे?" आईनं विचारलं.

"दगडफूल."

"मग ते कशाला नासतंय? मसाल्याच्या डब्यात वर्षभर असतंय की."

इतकी वर्षं हा खेळ खेळतोय, पण या नियमाचं इतकं सरळ स्पष्टीकरण मला कुणी दिलं नव्हतं.

माझं भांडण आहे ते पन्नास या आकड्याशी. नेटहॅक त्यात थोडं नशीबही मिसळतो, पण शेवटी खेळाडू चालीच मोजत बसतो. खऱ्या आयुष्यात मोजतं कोण? दुपारी वीज गेली, फ्रीज दोन तास बंद राहिला, की आमच्याकडे सकाळच्या वरणावर सुनावणी होते. आधी बायको वास घेते. तिच्या मते सगळंच नासलेलं असतं. मग आई घेते. तिच्या मते जगात काहीच नासत नाही, उकळी काढली की झालं. दोघींचं जुळलं नाही की चमचा माझ्याकडे येतो. दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तासाभरानं मी चालता-बोलता असलो की वरण पास.

म्हणून माझ्या खेळात आकडा नाही, वास आहे. तोही पात्रागणिक वेगळा: एकाला 'जरा आंबूस' येतो, दुसऱ्याला 'काही नाही, खा'. शिवाय वरचे मजले तापलेले, खालचे गार. तेच मढं वर तासात जाईल आणि खाली आठवडाभर टिकेल. एवढी साधी गोष्ट बऱ्याच खेळांत नसते, याचं मला नवल वाटतं.

शहराच्या पूर्व भागातला एक मित्र आहे, घरी तेलुगू आणि रविवारी मटण. त्याला सगळा आराखडा दाखवला. तो म्हणाला, "मढं मेल्यापासून नुसतं उतरतच जातंय, हे चूक आहे बे. मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशीच खरा लागतोय." म्हणजे गुण आधी चढायला हवा, मग एकदम कोसळायला. ही कल्पना मी लगेच उचलली. आता थांबायचं किती, हा जुगार झाला. नुसती घाई उरली नाही.

शिधा म्हणून कडक भाकरी ठेवलीय. ती अनेक दिवस टिकते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. सोबत शेंगाचटणी. पण हे दोन्ही दिल्यावर खेळाडू मढ्याला हातच लावेना. भूक संपली की भीती संपली. 'डंजन क्रॉल स्टोन सूप' या दुसऱ्या रोगलाइकच्या मंडळींनी 2021मध्ये भूकच काढून टाकली, त्यांची अडचण वेगळी असेल. माझी चटणीची आहे. सध्या भाकरी खाल्ली की तहान लागते, असं करून बघतोय. पाणी चार-पाच दिवसांनी एकदाच येईल.

परवा आईलाच नेटहॅक खेळायला बसवलं. पात्र म्हणून तिनं साधू निवडला. साधूनं मांस खाल्लं तर त्याला अपराधी वाटतं, असं सांगितल्यावर म्हणाली, "नुसतं वाटतंय? आंघोळ नाही, काही नाही?" तिनं कशालाच तोंड लावलं नाही. साधू भुकेनं अशक्त झाला. मी म्हटलं, आता प्रार्थना कर. तिनं पडद्याला हात जोडून सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं, मी कळ दाबली, आणि साधूचं पोट भरलं. नेटहॅकमध्ये खरंच तशी सोय आहे.

आई खूश. लगेच म्हणाली, "परत दाब."

"लगेच नाही चालत. देव रागावतो."

"नमस्कार केला म्हणून रागावतोय? कुठला रे हा देव?" असं म्हणून तिनं स्वतःच कळ दाबली.

देव रागावला. आता ती त्याच्याशी बोलत नाही, आणि मला विचारतेय की तुझ्या खेळात देव कोण ठेवलायस.