तेल-लिंबाचे 'खडे' आणि एमआरसीपीची भीती

नागपूरच्या महाल भागातून मोठ्या आईचा फोन. "मी काही त्या बोगद्यात जात नाही बाप्पा. ग्रुपवरचं वाचलं नाही का तू?" डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, डॉक्टरांनी एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) लिहून दिलेली आणि ही अडून बसली!

मेसेज असा: एमआरसीपीत शेकडो एक्स-रेचं रेडिएशन असतं, डायने किडनी जाते, सोनोग्राफीनंतर हे निव्वळ कमिशनसाठी. त्यापेक्षा रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्या, सकाळी हिरवे खडे पडतात. सोबत फोटोही.

आधी त्या फोटोचंच बघू. 2005 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी असेच 'खडे' तपासून छापलेत. एका बाईने 600 मिली ऑलिव्ह तेल आणि 300 मिली लिंबाचा रस पोटात ढकलला होता. पडलेल्या हिरव्या गोळ्यांत ना कोलेस्टेरॉल, ना बिलिरुबिन, ना कॅल्शियम. 40 अंशांवर दहा मिनिटांत त्यांचं हिरवं तेल झालं. म्हणजे मेच्या दुपारी नागपुरात अंगणात ठेवले तरी वितळतील असे खडे! पोटात तयार झालेला साबणच तो. खरे खडे पुढे ऑपरेशन करूनच निघाले. वर तेलाने पित्ताशय आकसतं, आतला खडा पित्ताच्या नळीत ढकलला जाऊ शकतो. कावीळ झालेल्या माणसाला हे पाजायचं?

आता एमआरसीपीचं रेडिएशन: शून्य. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात, एक्स-रे नसतातच. डायही साध्या एमआरसीपीला लागत नाही. नळ्यांतलं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस स्कॅनमध्ये आपोआप पांढरे चमकतात, खडा त्यात काळा दिसतो. गाठीची शंका असेल तर कधी शिरेतून डाय देतात, तेवढं खरं.

सोनोग्राफी पित्ताशयातले खडे छान दाखवते, पण पित्ताच्या मुख्य नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड जातं. मोठ्या आईच्या रिपोर्टवर तेच होतं: नळी 11 मिमी फुगलेली, खालचा भाग दिसत नाही.

कमिशनबद्दल मी कुणाची वकिली करणार नाही. पित्ताशयात खडा दिसला म्हणून प्रत्येकाला एमआरसीपी लागत नाही, आणि नळीतला खडा सोनोग्राफीतच स्पष्ट दिसला तर बरेचदा थेट ईआरसीपी (दुर्बिणीने नळीतला खडा काढणं) करतात. 'कशासाठी?' हे विचाराच. पण 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) नळीत खडा असलेल्या शंभरातले सुमारे 93 जण एमआरसीपीने पकडले. बारीक खडे निसटतात, हेही कबूल. मात्र ईआरसीपीत तोंडातून दुर्बीण घालतात आणि काहींचं स्वादुपिंड त्यामुळे सुजतं. नुसतं बघायला तिकडे कशाला जायचं?

शेवटी चार तास उपाशी राहून, कानात बोळे घालून मोठी आई गेली. "खटखट लई, श्वास धरा म्हणत राहतात," एवढीच तक्रार. फिल्म खिडकीशी धरली तर पांढऱ्या नळीच्या टोकाला वाटाण्याएवढा काळा ठिपका.

ईआरसीपी गुरुवारी आहे. मधे थंडी वाजून ताप आला तर गुरुवारची वाट न बघता निघायचं, हे तिला दोनदा बजावलंय.